दिनविशेष : ८ ऑगस्ट – जॉर्ज कॅनिंग यांचे निधन (१८२७)

ब्रिटनचे पंतप्रधान जॉर्ज कॅनिंग यांचे १८२७ मध्ये आजच्या दिवशी लंडनजवळच्या चिझिक हाउसमध्ये निधन झाले. जन्म ११ एप्रिल १७७०, लंडन. वर्षाचे असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. आई रंगभूमीवर काम करून पोट भरत असे. काकांच्या आधाराने ईटन व ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाले आणि वक्तृत्वाच्या बळावर ते संसदेत पुढे आले. १८१६ ते १८२१ या काळात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष होते. पेशवाई बुडाली ती याच काळात. १८२२ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून ते भारतात येणार होते. पण परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांच्या मृत्यूमुळे ते पद त्यांच्याकडे आले. दक्षिण अमेरिकेतील नव्या प्रजासत्ताकांना मान्यता आणि ग्रीकांच्या स्वातंत्र्यलढ्याला पाठबळ ही त्यांची खरी कमाई. पंतप्रधानपद मात्र जेमतेम ११९ दिवस लाभले. सर्वांत अल्प कारकिर्दीची ही नोंद २०२२ मध्ये लिझ ट्रस यांच्या राजीनाम्याने मागे पडली. भारताचे पहिले व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग हे त्यांचेच पुत्र.