उभा दावा

मनात मुरलेल्या कडवटपणाला आपल्या भाषेत शब्द पुष्कळ आहेत: आकस, डूख, खुन्नस, हाडवैर. पण दोन घरांचे जाणे-येणे, बोलणे-चालणे पार तुटले, की आपण म्हणतो, ‘त्यांचा उभा दावा आहे.’

गुरे बांधायच्या दाव्याशी या शब्दाचे नाते नाही. ‘दावा’ मूळचा अरबी. फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ साधा: हक्क सांगणे, फिर्याद करणे. १३४७ मध्ये गुलबर्ग्याला बहमनी राज्य सुरू झाले, पुढे राजधानी बिदरला आली. दरबारची भाषा फारसी. नंतर निजामाच्या कचेऱ्यांत उर्दू आली, ती थेट १९४८ पर्यंत. वकील, फिर्याद, जप्ती, तारीख हे शब्द त्याच वाटेने आपल्या तोंडी बसले.

गंमत अशी, की शेजारच्या कन्नडमध्येही हा शब्द आहे. पण तिथे ‘दावे’ म्हणजे कोर्टातला खटला. मराठीत मात्र तो कचेरीतून निघून घरात शिरला. ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगवणे, आणि जुन्या मराठीत ‘दावेदार’ म्हणजे चक्क वैरी. हे कसे झाले असेल, ते खेड्यात राहिलेल्याला सांगायला नको. भांडण बांधाचे, वाटणीचे, नाहीतर विहिरीच्या पाळीचे. फिर्याद करणारा आजोबा जातो, कागद पिवळे पडतात, आणि नातवंडे कारण ठाऊक नसतानाही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. हक्क बाजूला राहतो, वैर उरते.

आपल्या भागाला दोन्ही अर्थ लागू आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरीक एकीकडे, सातबारा दुसरीकडे. सीमाभागाबद्दल महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यात कोणाचे मत काय असावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

मात्र राज्याराज्यांतला दावा शेजाऱ्याशेजाऱ्यांत ‘उभा’ राहू नये. इथल्या बाजारात आजही एकाच सौद्यात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. कोर्टातल्या दाव्याचा निकाल न्यायाधीश देतील. घराघरांतला दावा मिटवायला मात्र कोणीतरी आधी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जावे लागते, आणि गणपतीच्या दर्शनाइतके चांगले निमित्त त्याला दुसरे नाही.