टिप्पणी-ओळ, संगणकीय

टिप्पणी-ओळ, संगणकीय : आज्ञावलीत अथवा माहितीच्या फाइलीत केवळ माणसाच्या वाचनासाठी लिहिलेली व यंत्राने ओलांडून जावयाची ओळ. ती ओळखण्याची खूण काळानुसार पालटत गेली. आयबीएम ७०४ संगणकासाठी १९५७ मध्ये उपलब्ध झालेल्या फोर्ट्रान भाषेत छिद्रित कार्डाच्या पहिल्या स्तंभात ‘सी’ हे रोमन अक्षर असल्यास भाषांतरक ते कार्ड वगळी. छापील यादीत मात्र ते उमटे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर फोर्ट्रान वापरणाऱ्यांनाही हाच नियम पाळावा लागे.

कार्डांचा वापर मागे पडल्यावर स्तंभाऐवजी चिन्हावर भिस्त आली. युनिक्स प्रणालीच्या आरंभीच्या कवचात अपूर्णविराम ही काहीच न करणारी आज्ञा टिप्पणीसाठी वापरीत. पुढे हॅश (#) हे चिन्ह रूढ झाले. १९८० मध्ये डेनिस रिची यांनी त्यास उद्गारचिन्ह जोडून (#!) पहिल्या ओळीत अर्थवाचकाचे नाव देण्याची सोय केली. ही ओळ प्रणालीच्या गाभ्यास आज्ञा वाटते, तर अर्थवाचकास वगळण्याजोगी टिप्पणी. युक्ती साधी, पण विलक्षण टिकाऊ ठरली. ऑक (१९७७), पर्ल (१९८७) व पायथन (१९९१) या भाषांत हॅशचीच खूण आहे. टिप्पणी यंत्राने सर्वस्वी दुर्लक्षावी असे मात्र नाही : पायथनच्या २.५ आवृत्तीपासून (२००६) देवनागरी अक्षरे असलेली आज्ञावली वर्णसंकेताचे नाव सांगणारी टिप्पणी वरच्या दोन ओळींत नसल्यास सामान्यतः नाकारली जाई. पायथन ३ मध्ये (२००८) यूटीएफ-८ हाच गृहीत संकेत झाल्याने ही अट सुटली.

माहितीच्या फाइलीत प्रश्न अधिक नाजूक असतो, कारण खुणेचा अर्थ फाइलीत नसून वाचणाऱ्या आज्ञावलीत असतो. रूढ पद्धत अशी : एकेक ओळ घ्यावी, आरंभीची मोकळी जागा काढावी, ओळ रिकामी असल्यास अथवा पहिले चिन्ह हॅश असल्यास पुढे जावे. हॅश दिसताच उरलेली ओळ छाटणे धोक्याचे. ‘घर क्र. #१२’ अशा नोंदीतील घरक्रमांक आणि त्यापुढील सारे रकाने त्यामुळे नाहीसे होतात. आर या सांख्यिकीय भाषेतील तक्ता वाचणारे मूळ फलन, वेगळे न सांगितल्यास आणि मजकूर अवतरणचिन्हांत नसल्यास, नेमके हेच करते. स्वल्पविरामी फाइलींसाठीचे त्याचे भावंड मात्र हॅशला हात लावीत नाही. मराठी मजकुराच्या फाइलींत आणखी एक अडचण संभवते. काही संपादक यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी तीन बाइटांची अदृश्य खूण ठेवतात. ती आधी काढली नाही, तर पहिल्या ओळीचे पहिले चिन्ह हॅश ठरत नाही आणि शीर्षटीप माहिती म्हणून गणली जाते.