द्विध्रुवीय विकार व सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार : सहविकार

एकाच व्यक्तीला द्विध्रुवीय भावविकार (बायपोलर) आणि सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार (बॉर्डरलाइन) हे दोन्ही असण्याची स्थिती. पहिला आजार झटक्यांनी येतो. उन्मादाचा किंवा नैराश्याचा काळ येतो, ओसरतो आणि मधल्या काळात माणूस बऱ्यापैकी पूर्वीसारखा असतो. दुसऱ्याला असा आरंभ-शेवट नसतो. नाती, स्वतःविषयीची कल्पना आणि रागलोभ यांची घडणच तरुण वयापासून अस्थिर असते. निरनिराळ्या पाहण्या एकत्र केल्या तर द्विध्रुवीय रुग्णांपैकी साधारण पाचांत एकाला सीमावर्ती विकारही आढळतो, आणि उलट दिशेने मोजले तरी प्रमाण जवळपास तेवढेच भरते. तरीही फाइलवर बहुधा एकच नाव लिहिलेले असते. दुसरे कळेपर्यंत बरीच वर्षे गेलेली असतात.

नैराश्यानंतर येणारा उन्माद हे एकाच आजाराचे चक्र आहे, हे फ्रान्समध्ये फाल्रे आणि बेलार्जे यांनी १८५० च्या दशकात मांडले. जर्मनीत एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये त्याला ‘उन्माद-अवसादी’ आजाराच्या चौकटीत बसवले. सीमावर्ती रुग्णांचे वर्णन अडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केले. आजच्या अर्थाची दोन्ही निदाने अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९८० च्या नियमावलीत एकदम दाखल झाली आणि वादही तिथूनच पेटला. हागोप अकिस्काल यांच्या मते सीमावर्ती म्हणून ओळखले जाणारे पुष्कळ रुग्ण द्विध्रुवीय पटावरचेच होते. जॉन गंडरसन आणि जोएल पॅरिस यांनी ते नाकारले. कुटुंबांचे आणि जुळ्यांचे अभ्यास, औषधांना मिळणारा प्रतिसाद आणि आजाराची पुढची वाटचाल पाहता हे दोन वेगळे विकार आहेत, असेच आज बहुसंख्य तज्ज्ञ मानतात. वेगळे आहेत म्हणूनच ते एकत्र येऊ शकतात, एवढी साधी गोष्ट या वादात बराच काळ बाजूला पडली.

निदान : दोन्हींत मन झपाट्याने बदलते, पैसा उधळला जातो, राग अनावर होतो, जीव द्यावासा वाटतो. खरा फरक काळाचा आहे. उन्माद निदान आठवडाभर टिकावा लागतो, सौम्य उन्माद चार दिवस, नैराश्य दोन आठवडे. सीमावर्ती विकारातली लाट काही तासांत चढते आणि उतरते, आणि बहुतेक वेळा तिच्या मुळाशी एखादे माणूस असते: न उचललेला फोन, रद्द झालेली भेट, बोलण्यातला बदललेला सूर. सकाळी देवासारखा वाटणारा मित्र संध्याकाळी वैरी होतो. उन्मादाला असे निमित्त लागतेच असे नाही.

सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे झोप. उन्मादात माणूस तीन तास झोपतो आणि ताजातवाना उठतो. सीमावर्ती वादळात झोप उडते खरी, पण दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलेले असते. एकाच भेटीत, दहा मिनिटांच्या ओपीडीत हे कळणे कठीण. प्रश्नावल्याही फसवतात: द्विध्रुवीय विकार हुडकण्यासाठी वापरली जाणारी एक प्रचलित प्रश्नावली सीमावर्ती रुग्णांनाही सर्रास पकडते, असे अमेरिकेतील मार्क झिमरमन यांच्या संशोधनात दिसले. त्यांच्याच आधीच्या अभ्यासात, पूर्वी ‘बायपोलर’ ठरवलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांचे निदान सविस्तर मुलाखतीत टिकले होते. उलट चूकही होते. ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून सोडून दिलेल्या मुलीला लिथियम या औषधाची गरज होती, हे दुसरा-तिसरा झटका आल्यावर लक्षात येते.

दोन्ही असतील तर ते शेजारी शेजारी राहत नाहीत, एकमेकांना डिवचतात. उन्मादात बोललेले शब्द, केलेली कर्जे आणि मोडलेला विश्वास यांमुळे माणसे दुरावतात. सोडून जातील ही भीती सीमावर्ती विकाराच्या गाभ्याशीच असल्याने तिथे दुसरे वादळ उठते. त्या वादळात झोप जाते आणि गेलेली झोप पुढच्या उन्मादाला आवतण देते. अशा रुग्णांत आजार लवकर सुरू होतो, झटके अधिक येतात, दारू व इतर व्यसने अधिक दिसतात आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण नुसता द्विध्रुवीय विकार असलेल्यांपेक्षा बरेच जास्त असते. झटका संपला तरी ‘बरे वाटत नाही’ ही त्यांची तक्रार खरी असते. उन्माद गेलेला असतो. सीमावर्ती विकारातले रिकामेपण तिथेच असते.

उपचार : द्विध्रुवीय भागाला औषध लागतेच. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये लिथियमचा गुण दाखवला. डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी तो चाचण्यांतून पक्का केला. नुसते नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद उसळण्याचा धोका असतो. सीमावर्ती विकारावर मात्र असे कोणतेही हुकमी औषध नाही. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत (२०१८) लॅमोट्रिजिन या औषधाचा त्यावर काहीच उपयोग झाला नाही, आणि तिथली सरकारी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून सांगत आली आहेत की औषधे खास या विकारासाठी म्हणून देऊ नयेत. या विकारात काम होते ते मानसोपचाराने. मार्शा लिनेहान यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराची पहिली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपणही स्वतःला इजा करून घेत होतो आणि रुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. या उपचारात आठवड्याला एक वैयक्तिक भेट, एक गटवर्ग आणि अडीअडचणीला फोन अशी रचना असते. महाराष्ट्रात तो शिकलेले उपचारक मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत आणि वर्षभराचा खर्च पुष्कळ घरांच्या आवाक्याबाहेर जातो. परिणामी दोन्ही विकार असलेल्या माणसाच्या गोळ्या वाढत जातात, कारण गोळ्याच तेवढ्या हाताशी असतात. त्याला उपचार म्हणणे कठीण आहे.

रोजचे जगणे : वेळेवर झोपणे, वेळेवर जेवणे, ठरलेल्या वेळी उठणे याला पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी उपचाराचेच रूप दिले. आपल्याकडे याची परीक्षा सणासुदीत होते. विसर्जनाची रात्र, देवीचा जागर, लग्नाच्या आदल्या दिवसाची धावपळ किंवा कंपनीतली रात्रपाळी यांतले एकेक जागरण झटक्याला पुरेसे ठरू शकते. लिथियम घेणाऱ्याने उपासाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावे. निर्जळी एकादशी, अळणी व्रत, रोजे, उन्हातली वारी किंवा साधे जुलाब यांमुळे अंगातले पाणी व मीठ कमी झाले की रक्तातील लिथियम वाढते. ते लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोलच्या आसपास राखायचे असते आणि त्याहून फार वर गेले तर विषबाधा होते. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी गोळीही ते वाढवते. ‘लेव्हल’ वेळोवेळी तपासायची, थायरॉइड आणि मूत्रपिंडांसह.

पुष्कळजण वहीत रोज तीन-चार गोष्टी टिपतात: झोपेचे तास, मनाची पातळी, घेतलेल्या गोळ्या आणि त्या दिवशी कोणाशी काय बिनसले. काही महिन्यांनी ही वही दहा मिनिटांच्या ओपीडीला पुरून उरते. कोणती लाट भांडणातून आली आणि कोणती आपोआप, हे तिच्यात दिसते.

घरच्यांची कसोटी वेगळी. उन्माद ‘आजार’ म्हणून पटतो. हातावर स्वतः करून घेतलेल्या जखमा पाहून मात्र ‘नाटकं करते’, ‘लाडावून ठेवलंय’ असे शब्द निघतात. काही घरांत आधी देवऋषी गाठला जातो. लग्न ठरवताना गोळ्या लपवल्या जातात आणि लपवण्यासाठी बंद केल्या जातात. गोळ्या बंद करण्याचा हा सगळ्यांत महागात पडणारा सल्ला मुलीला बहुधा तिच्यावर माया असलेली मावशी किंवा आत्याच देते.

पुढची वाटचाल दोन्हींची सारखी नाही. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी २९० सीमावर्ती रुग्णांचा पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणे निदान दोन वर्षांसाठी ओसरली होती, पण नोकरी आणि नाती यांसह नीट सावरलेले निम्मेच होते. द्विध्रुवीय विकारात असे ओसरणे गृहीत धरता येत नाही. तिशी-पस्तिशीत मन निवळले म्हणून लिथियम थांबवणे धोक्याचे ते यासाठी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार प्रौढ व्यक्तीला बरी असताना ‘आगाऊ निर्देश’ लिहून ठेवता येतो: कोणते उपचार चालतील, कोणते नाहीत, आपल्या वतीने कोण बोलेल.  मात्र निर्देश लागू होतो तो निर्णयक्षमता गेल्यावर, आणि ती उन्मादात जाऊ शकते; सीमावर्ती वादळात ती बऱ्याचदा शाबूत असते. त्या रात्रींसाठी वेगळा कागद हवा: गोळ्यांचा साठा कोणाकडे ठेवायचा, आधी कोणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयात जायचे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतही उपलब्ध आहे.