टचस्ट्रीम

टचस्ट्रीम : कळ न दाबता, नुसत्या स्पर्शाने चालणारा संगणकाचा कळफलक. तो अमेरिकेतील डेलावेअर राज्यातल्या फिंगरवर्क्स या कंपनीने बनवला. वेन वेस्टरमन आणि जॉन इलायस यांनी १९९८ मध्ये ही कंपनी काढली. इलायस डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते, वेस्टरमन तिथेच पीएच.डी. करत होते. सततच्या टायपिंगने वेस्टरमन यांचे हात दुखू लागले. कळ दाबावीच लागू नये, ही कल्पना त्या दुखण्यातून आली.

उघडून ठेवलेल्या पुस्तकासारखे दोन सपाट फलक, त्यांवर छापलेली अक्षरे आणि खाली संवेदकांची जाळी, अशी याची रचना. बोट टेकले की त्या जागेची विद्युत धारकता बदलते. त्यावरून कोणते बोट कुठे आहे हे उपकरण ओळखते. नेहमीची कळ खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. एका दाबाला तो जाणवतही नाही, पण दिवसभरात हजारो दाब झाले की बोटांचे स्नायुबंध कुरकुरतात. इथे तो जोर लागतच नाही. चार बोटे एकदम टेकवून हात विसावला, तर ते टायपिंग नव्हे हेही उपकरणाला कळते.

माउसकडे हात नेण्याचा हेलपाटाही वाचतो. अक्षरांवरूनच दोन बोटे जोडीने सरकवली की पडद्यावरचा बाण हलतो. अंगठा आणि बोट यांची चिमूट मिटली की निवडलेला मजकूर कापला जातो; चिमूट उघडली की तो नव्या जागी चिकटतो. वस्तू उचलावी आणि ठेवावी, तशीच ही हालचाल आहे.

मात्र हे उपकरण पहिल्याच दिवशी आवडावे असे नव्हते. कळ दबल्याची जाणीव बोटांना मिळत नाही, त्यामुळे नकळत जागा सुटते आणि चुका वाढतात. जुन्या सवयीने बोटे आपटणाऱ्यांना तर त्रासच होई, कारण एरवी कळीखालची स्प्रिंग झेलते तो आघात इथे थेट बोटाच्या टोकावर येतो. आराम मिळे तो स्पर्श हलका करायला शिकलेल्यांना, आणि त्या शिकण्याला आठवडे लागत. अशा साधनाबद्दलचे समाधान दुकानातल्या दहा मिनिटांवरून जोखणे म्हणूनच अन्यायाचे आहे. दुखऱ्या हातांच्या माणसासाठी प्रश्न वेगाचा नसतोच. उद्याही काम करता येईल का, हा असतो.

२००५ मध्ये उत्पादन थांबले आणि ॲपलने कंपनी विकत घेतली. वेस्टरमन व इलायस ॲपलमध्ये गेले. २००७ च्या आयफोनमुळे एकाच वेळी अनेक बोटांचा स्पर्श ओळखणारे तंत्र जगभर पोहोचले. टचस्ट्रीमवर विसंबलेल्यांना मात्र तशी दुसरी वस्तू मिळाली नाही. जुने नग मूळ किमतीपेक्षा जास्त पैसे मोजून विकत घेतले जाऊ लागले.