कुंडीतली माती आणि औषधाची मात्रा

इ. स. १८३९ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी बंगालच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे एक निबंध सादर केला. विषय होता गांजा. भारतातील वैद्य आणि हकीम ज्या वनस्पतीचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते, तिचा अर्क ओशॉनेसी यांनी आधी प्राण्यांवर तपासला आणि मग धनुर्वात, आमवात, पटकी अशा व्याधींच्या रुग्णांना देऊन पाहिला. धनुर्वाताचे झटके त्याने शिथिल होतात, हे त्यांचे निरीक्षण विशेष गाजले. थोड्याच वर्षांत हा अर्क लंडनच्या औषधालयांत पोहोचला.

मात्र त्याची कीर्ती फार काळ टिकली नाही. एका बाटलीतील दहा थेंबांनी रुग्ण गुंगून जाई, तर दुसऱ्या बाटलीतील तितक्याच थेंबांनी त्याला काहीच होत नसे. मॉर्फीन किंवा क्विनीन शुद्ध रूपात तोलून देता येत असे. गांजाच्या अर्कात नेमके काय आणि किती आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मात्रेचा हा बेभरवसा आणि कायद्याचे वाढते निर्बंध यांमुळे १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून आणि १९४२ मध्ये अमेरिकी औषधकोशातून गांजा वगळला गेला. त्यातील मुख्य मादक द्रव्य टीएचसी, त्याची रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली ती १९६४ मध्ये. ओशॉनेसींच्या निबंधाला तोवर सव्वाशे वर्षे होऊन गेली होती.

अर्काच्या या लहरीपणाची कारणे अनेक होती: वाण वेगळे, नर-मादी रोपांची सरमिसळ, साठवणीत होणारी झीज. आणखी एक कारण मात्र रोपाच्या मुळाशी होते. ते कोणत्या मातीत उभे होते आणि त्याने काय खाल्ले होते? या प्रश्नाचे उत्तर शेतात सापडणे कठीण होते. ते सापडले कुंडीत, आणि त्यासाठी विज्ञानाला कुंडी भरण्याची विद्या नव्याने शिकावी लागली.

शेतकऱ्याला या प्रश्नाची जाण नव्हती असे नाही. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकून पुढच्या वर्षी सात खंडांचा अहवाल सिद्ध केला. त्या काळी बंगालमधील गांजाची प्रमुख शेती राजशाही जिल्ह्यातील नौगाव येथे होती; आज हा भाग बांगलादेशात आहे. तेथील शेतकरी शेणखत आणि पेंड घालून जमीन तयार करीत, रोपे वरंब्यांवर लावीत आणि वाढीच्या काळात पुन्हा पेंडीचे खत देत. ‘पोद्दार’ म्हणून ओळखला जाणारा जाणकार शेतात फिरून नर रोपे हुडकून उपटून टाकी, कारण परागण झाल्यास मादी फुलोऱ्यातील राळ कमी होते. पाणी साचू न देणारे वरंबे, बेताने दिलेले खत आणि नर रोपांची छाटणी, अशी ही पूर्ण पद्धत होती. तरीही ती एका प्रदेशाच्या मातीशी आणि हवामानाशी बांधलेली होती. नौगावचे शेत उचलून प्रयोगशाळेत आणता येत नव्हते.

शेतातील माती कुंडीत भरली म्हणजे शेत कुंडीत येते, हा समज स्वाभाविक आहे आणि चुकीचाही आहे. शेतात मातीचा थर खोलवर सलग असतो. वरचे पाणी खालच्या थरांकडे ओढले जाते आणि त्याने सोडलेल्या पोकळ्यांत हवा शिरते. कुंडीत हा थर वीतभर खोलीवर तुटतो. तळाला छिद्र असले तरी केशाकर्षणाने धरलेले पाणी तेथेच थांबते. ओला स्पंज आडवा धरला तर तो ठिबकून थांबतो. तोच उभा करताच पुन्हा पाणी गळू लागते. कुंडीचेही तसेच आहे. जितकी ती उथळ, तितका तिच्यातील मातीचा मोठा हिस्सा पाण्याने तुडुंब राहतो. तळाशी खापऱ्या किंवा खडी घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत घरोघरी आढळते. वस्तुतः बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही, त्यामुळे ओलाव्याचा थर वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी घटते. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो. कुंडीत भरायचे मिश्रण निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच खताचा नसतो. तो हवेचा असतो.

खताच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच जर्मनीत मिळाले होते. १८६० च्या सुमारास युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मातीचा कणही न वापरता, पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर रोपे वाढवून दाखविली. कॅल्शियम आणि पोटॅशियमची नायट्रेटे, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि किंचित लोह एवढ्यावर वनस्पती बी धरण्यापर्यंत वाढते, हे त्यातून सिद्ध झाले. मातीत काही गूढ प्राणशक्ती असते, ही कल्पना मागे पडली. परंतु पाण्यातील प्रयोग नाजूक असत. बागकाम आणि बहुतेक संशोधन मातीच्या कुंड्यांतच चालू राहिले.

त्या कुंड्यांत काय भरायचे, याबाबत विसाव्या शतकाच्या आरंभीही अंदाजाचेच राज्य होते. प्रत्येक माळ्याची कृती निराळी आणि बहुधा गुप्त. लंडनजवळ मर्टन येथील जॉन इनिस उद्यानविद्या संस्थेला याचा फटका बसला. तेथे आनुवंशिकीच्या प्रयोगांसाठी प्रिम्युला सिनेन्सिस या फुलझाडाची रोपे वाढविली जात आणि ती मातीतील रोगांनी मरत. संकराच्या गुणोत्तरांचा हिशेब करावा तर निम्मी रोपे जिवंत नाहीत, अशी स्थिती. १९३० च्या दशकात विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी या प्रश्नावर पद्धतशीर प्रयोग केले. पोयटा माती वाफेने निर्जंतुक करावी. तिचे सात भाग, पीटचे तीन आणि जाड वाळूचे दोन भाग मिसळावेत. त्यात खुर-शिंगांची भुकटी दोन भाग, सुपरफॉस्फेट दोन भाग आणि पोटॅशियम सल्फेट एक भाग असे खत व थोडी खडूची पूड घालावी, ही त्यांची कृती. मोठ्या रोपांसाठी खताचे प्रमाण दुप्पट, तिप्पट करावे. प्रत्येक झाडाला स्वतंत्र माती लागते हा जुना समज यातून ढासळला. एकच मिश्रण बहुतेक झाडांना चालते, हे दिसून आले. संस्थेने ही कृती स्वतःच्या नफ्यासाठी राखून न ठेवता सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

या संस्थेशी भारताचेही नाते आहे. वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या अभ्यासक ई. के. जानकी अम्माळ यांनी १९४० ते १९४५ या काळात येथेच काम केले. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला लागवडीखालील वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतही काम केले. या जम्मूचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

लॉरेन्स यांच्या कृतीत एक अडचण होती: चांगली पोयटा माती सर्वत्र सारखी मिळत नाही. त्यामुळे मातीच वगळण्याकडे शास्त्रज्ञ वळले. १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात डेनिस होगलंड आणि डॅनियल आर्नन यांनी पोषकद्रावणाची जी कृती दिली, तिची सुधारित रूपे आजही प्रयोगशाळांत वापरली जातात. १९५७ मध्ये त्याच विद्यापीठातून केनेथ बेकर यांनी बारीक वाळू आणि पीट यांवर आधारलेली पद्धत मांडली. पुढच्या दशकात कॉर्नेल विद्यापीठाने पीटमध्ये व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट मिसळून हलके मिश्रण तयार केले. भारतातही दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात, कालिम्पाँग येथे, जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून मातीविना शेतीचे प्रयोग केले. महागडी यंत्रे टाळून वाळू-खडीवर कोरडे खत आणि पाणी देण्याची त्यांची ‘बंगाल पद्धत’ जगभर माहीत झाली.

आता भूमिका बदलल्या. पूर्वी माती आधारही देई आणि अन्नही. नव्या मिश्रणांत आधार जवळजवळ निःसत्त्व होता. अन्न माणसाने द्यायचे होते. चुकीला क्षमा उरली नाही, पण प्रथमच रोपाच्या आहाराचा हिशेब ठेवता येऊ लागला.

पीट हे दलदलीत हजारो वर्षे साठत गेलेले वनस्पतींचे अवशेष. ते उपसले की साठलेला कार्बन वातावरणात जातो. त्याला पर्याय सापडला तो केरळ आणि तामिळनाडूच्या काथ्या उद्योगात. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की तपकिरी भुसा उरतो. तो लवकर कुजत नाही, म्हणून त्याचे डोंगर साचत आणि पावसात त्यांतून झिरपणारे पाणी परिसर दूषित करी. याच भुशाला आज कोकोपीट म्हणतात. तो स्वतःच्या वजनाच्या अनेकपट पाणी धरतो आणि तरीही त्यात हवा खेळती राहते. भारताच्या काथ्या-निर्यातीत आता त्याचाच वाटा सर्वांत मोठा आहे. पण तोही निरुपद्रवी नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असते. तो हे क्षार सोडतो आणि खतातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि बहुधा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवावा लागतो. हे न केल्यास खत पुरेसे देऊनही रोपात कॅल्शियमची कमतरता दिसते.

गांजाचा जुना प्रश्न अखेर अशा कुंड्यांतच सुटू लागला. कॅनडातील गेल्फ विद्यापीठात डेरॉन कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी कोकोपीटवर आधारित मिश्रणांत औषधी गांजा वाढविला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार फुलोऱ्याच्या काळात खत वाढविले की उत्पादन वाढते, पण फुलांतील टीएचसीचे प्रमाण विरळ होते. इस्रायलच्या वोल्कानी संस्थेत अविया सालोनेर आणि निरित बर्नस्टाइन यांनी केवळ नत्राची मात्रा बदलून पाहिली: द्रावणाच्या लिटरमागे ३० मिलिग्रॅमपासून ३२० मिलिग्रॅमपर्यंत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नत्र वाढत गेले तसे टीएचसीचे आम्लरूप ६९ टक्क्यांनी आणि सीबीडीचे आम्लरूप ६३ टक्क्यांनी घटले. उत्पादन आणि गुणवत्ता यांचा मेळ त्यांना १६० मिलिग्रॅमच्या आसपास आढळला. वाण तेच, प्रकाश तोच. बदलला फक्त नत्राचा पुरवठा.

याचे एक स्पष्टीकरण रेणूच्या रचनेत आहे. मॉर्फीन आणि क्विनीन ही नत्रयुक्त अल्कलॉइडे आहेत. टीएचसीच्या रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात; नत्राचा एकही नाही. नत्र मुबलक असता वनस्पती आपला कार्बन प्रथिनांकडे आणि पानांच्या वाढीकडे वळविते. नत्र बेताचे असता तो राळेसारख्या नत्रविरहित द्रव्यांकडे अधिक वळतो. भरघोस वाढलेले झाड म्हणजे गुणकारी झाड, हे समीकरण येथे लागू पडत नाही. एकोणिसाव्या शतकातील दोन बाटल्यांमधील तफावतीचा एक धागा असा खताच्या ढिगापर्यंत पोहोचतो.

भारतात हा प्रश्न आज केवळ ऐतिहासिक नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याविना गांजाचे रोप लावणे, मग ते घरच्या कुंडीत का असेना, गुन्हा आहे. मात्र वैद्यकीय, वैज्ञानिक आणि तागासारख्या धाग्याच्या वा बियांच्या उपयोगासाठी शासनाच्या परवानगीने लागवडीची तरतूद त्याच कायद्यात आहे. जम्मूची पूर्वीची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आता सीएसआयआरची भारतीय एकात्मिक औषधी संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या चट्ठा येथील संरक्षित क्षेत्रावर एका कॅनेडियन कंपनीच्या भागीदारीत औषधी गांजाचे संशोधन चालू असल्याचे केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केले. मज्जातंतूंच्या वेदना, कर्करोग आणि अपस्मार यांवरील औषधे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

अपस्माराच्या बालरुग्णाला द्यायच्या औषधाच्या प्रत्येक कुपीत तेच द्रव्य तितक्याच प्रमाणात असावे लागते. पुढे शुद्धीकरण आणि तपासणी होतेच, पण कच्चा माल दर हंगामाला बदलत राहिला तर ती साखळी पहिल्याच कडीत कमकुवत होते. म्हणून मिश्रण कोणते, ते धुतले होते का, कोणत्या आठवड्यात किती नत्र दिले, निचऱ्याच्या पाण्याचा सामू काय होता, या नोंदी माळ्याच्या वहीतल्या किरकोळ बाबी राहत नाहीत. त्या औषधाच्या दस्तऐवजाचा भाग ठरतात. कलकत्त्यात ओशॉनेसींच्या हाती उत्तम निरीक्षणशक्ती होती. नव्हती ती अशी वही.