न्याहारी आणि पहिला तास

आजचा विषय डॉक्टरचा किंवा शिक्षणतज्ज्ञाचा आहे, त्यात युनियनच्या माणसाचे काय काम, असे आपणांपैकी काहींना वाटेल. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. तरीही मुलाची न्याहारी आणि त्याची बुद्धी यांचा इतिहास मी सांगणार आहे, कारण त्याचे एक टोक गिरणीच्या दाराशी आहे.

इंग्लंडातील ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथील मॅनिंगहॅम गिरणीत मजुरी कापली गेली म्हणून डिसेंबर १८९० मध्ये संप सुरू झाला. तो १९ आठवडे चालला आणि कामगार हरले. परंतु हरलेला संप वायाच जातो असे नाही. १८९३ साली स्वतंत्र मजूर पक्ष याच शहरात स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्या पक्षाच्या मार्गारेट मॅक्मिलन तेथील शाळा मंडळावर निवडून आल्या.

शाळेत येणे १८८० पासून सक्तीचे झाले होते. वर्ग भरले, पण त्यांत कित्येक मुले उपाशी बसत, कित्येक अर्धा दिवस गिरणीत राबून येत. अशा मुलांना शिकविण्यावरचा खर्च पाण्यात जातो, असे मॅक्मिलनबाई आणि त्यांचे सहकारी फ्रेड जॉवेट सांगत. उलट बाजूने उत्तर येई की, फुकट जेवण दिले तर आईबापांची जबाबदारीची जाणीव नाहीशी होईल. मजुरी कापताना ही जाणीव कोणाला आठवली नव्हती! १९०६ साली जॉवेट पार्लमेंटात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा झाला आणि गरजू मुलांच्या जेवणावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. मुभा मिळाली, सक्ती नव्हे.

१९०७ च्या एप्रिल ते जुलै या काळात ब्रॅडफर्डचे शाळा-वैद्य डॉ. राल्फ क्राउली यांनी सुमारे ४० मुलांना रोज न्याहारी आणि जेवण दिले. न्याहारीला ओटची लापशी, पाव आणि दूध. त्यांची वजने न जेवविलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे अधिक वाढली; मध्ये सुटी आली तेव्हा ती घसरली. सुटीत घरी काय शिजत होते, ते तराजूने सांगितले.

परंतु बुद्धी तराजूवर मोजता येत नाही. त्यासाठी पुढे निराळे प्रयोग झाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जमेकातील प्रयोगात १६ ग्रामीण शाळांतील ८१४ मुले होती. निम्म्यांना वर्षभर न्याहारी, निम्म्यांना संत्र्याचा पाव तुकडा. न्याहारी मिळालेल्यांची हजेरी, उंची आणि वजन सुधारले. धाकट्या मुलांचे गणितही सुधारले. वाचन मात्र सुधारले नाही. म्हणजे न्याहारी ही जादू नव्हे; तिच्यामागून चांगला शिक्षकही यावा लागतो. पण तिच्यावाचून त्या शिक्षकाचाही पहिला तास फुकट जातो.

हे मी पुस्तकावरूनच सांगतो असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. सकाळी बिनदुधाचा चहा पिऊन शाळेत जाई. पहिला तास गणिताचा. फळ्यावरचे आकडे हलताना दिसत. माझ्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी शेरा लिहिला, ‘बुद्धीने मंद’. आईला वाचता येत नव्हते; मी तिला तो ‘बरा आहे’ असा वाचून दाखविला. ते माझे पहिले खोटे. गुरुजींवर आज माझा राग नाही. मी काय खाऊन आलो, हे विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती.

आपल्या देशात १९२० साली मद्रास नगरपालिकेने एका शाळेत दुपारचे जेवण सुरू केले. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजविलेले जेवण देणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले. तथापि ते जेवण दुपारी मिळते आणि गणित सकाळी असते. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून १,५४५ सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी सुरू केली आणि पुढे ती वाढविली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही न्याहारीची शिफारस आहे. शिफारस म्हणजे पुन्हा मुभाच.

ज्या आईला सकाळी सातच्या पाळीला जायचे असते, तिच्या घरी चूल कोणी पेटवायची, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. तो मजुरीचा, पाळीच्या वेळांचा आणि सरकारचा आहे; म्हणून तो युनियनचाही आहे. कोणत्याही मुलाच्या पुस्तकावर ‘मंद’ लिहिण्यापूर्वी गुरुजींनी एवढेच विचारावे: बाळ, सकाळी काय खाल्लेस?