रविवारची कमाई

दिवाळी जवळ आली की भिंतीवरचे कॅलेंडर घरोघर खाली उतरते. तांबड्या तारखांवर बोट ठेवून भाऊबिजेचे बेत ठरू लागतात. तोच घरातला कमावता मुलगा हळूच सांगतो, "पाडव्याला आमची कंपनी चालू आहे." आई म्हणते, "अरे, सरकारी सुटी आहे ना?" ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या किती घरांत हा संवाद दरसाल होत असेल! त्याचे उत्तर मात्र १८८१ सालापर्यंत मागे जाऊन शोधावे लागते.

त्या एका वर्षात सरकारने दोन कायदे केले. पहिला होता चेक, बिले आणि प्रॉमिसरी नोटा यांचा. एखाद्या बिलाची मुदत सुटीच्या दिवशी भरली, तर पैसे आदल्या कामाच्या दिवशी द्यावेत असे त्यात ठरले. मग सार्वजनिक सुटी म्हणजे काय हेही सांगावे लागले, आणि त्यात रविवार आला. राज्य सरकार दरसाल सुट्यांची यादी प्रसिद्ध करते ती याच कायद्याच्या २५ व्या कलमाच्या आधारे. दुसरा कायदा कारखान्यांचा. शंभर वा अधिक माणसांच्या, यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यांतील सात ते बारा वर्षांच्या मुलांना त्याने महिन्याकाठी चार सुट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या पदरात काहीच पडले नाही. कागदाला रविवार मिळाला. कामगाराला मिळाला नाही.

तो मिळवून देणारा पुरुष ठाण्याचा. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. ते पाचएक वर्षांचे असताना, १८५३ साली, ठाण्याला आगगाडी आली. पुढच्याच वर्षी १ मे रोजी ती कल्याणला पोहोचली. मोठेपणी लोखंडे यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली आणि नंतर मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपालाचे काम धरले. गिरणीतले कष्ट त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते अनुयायी. 'दीनबंधु' पत्राची धुरा १८८० पासून त्यांच्याकडे आली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि अपघात झाल्यास भरपाई, एवढ्याच मागण्या. आज त्या वाचताना वाटते, यांत मागण्यासारखे काय होते! पण मागाव्या लागल्या, आणि एकदा मागून भागलेही नाही.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० सालात, हजारोंच्या पुढे उभे राहून बोलणे ही लहान गोष्ट नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तोच मागितला, असे सांगतात. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले.

परंतु सुटी मिळाली म्हणजे तिचा पगार मिळाला असे नव्हे. कारखान्यातल्या माणसाला वर्षाकाठी पगारी रजेचा हक्क कायद्याने मिळायला १९४५ साल उजाडले. सणाची पगारी सुटी ही तर आणखी निराळी वाट. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्या २०१७ च्या कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्या ठरवल्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार नेमलेल्या. उरलेल्या चार मालक आणि नोकर यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. त्या दिवशी कामाला बोलावले, तर दुप्पट वेतन आणि बदली रजा द्यावी लागते. अगदी लहान दुकानांना मात्र हे बंधन नाही. कारखान्यांत सणाच्या सुट्या बहुधा युनियनशी झालेल्या करारावर आणि वहिवाटीवर चालत आल्या. डोंबिवली-अंबरनाथकडच्या पुष्कळ कारखान्यांत तर वीज वाचवण्यासाठी रविवार जाऊन शुक्रवार आला, आणि बापाची सुटी एका वारी, पोरांची दुसऱ्या वारी, असे संसार वर्षानुवर्षे चालले.

म्हणून त्या माउलीला सांगावेसे वाटते, की कॅलेंडरावरची तांबडी तारीख सरकारी कचेऱ्यांची आणि बँकांची. तुमच्या मुलाचा पाडवा त्याच्या कंपनीतल्या चार सुट्यांत बसला असेल, तरच तो त्याचा. त्या चार सुट्या डिसेंबरातच ठरून जातात. आश्विनात रुसण्यापेक्षा मार्गशीर्षात विचारलेले बरे. आणि एकट्याने विचारण्यापेक्षा दहाजणांनी मिळून विचारलेले अधिक बरे. लोखंड्यांनी तेच केले होते.